शॉकअप ओझे उचलत नाही

(बावडा, ता. इंदापूर येथील जिल्हा बैठकीत झालेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून भावावर बोलणे झाले, विजेवर झाले, पाण्यावर झाले. आता आम्हाला जे बोलायचे आहे ते ऐकून काहींना हसू येईल. आम्हाला पिकअपच्या शॉकअपवर बोलायचे आहे. शेतीची पदवी घेतलेल्या माणसाने मातीवर बोलावे, बियाण्यावर बोलावे, हा गाडीखाली शिरून काय बोलतो, असे गेल्या बैठकीत एका ज्येष्ठांनी आम्हाला विचारलेच. तेव्हा आम्ही गप्प बसलो. आज उत्तर देतो.

गावागावात आता पिकअप आहे. कोणाची एकट्याची, कोणाची भावाभावांत, कोणाची पतसंस्थेच्या हप्त्यावर. निमगाव केतकीचे पान तिच्यातून जाते, इंदापूरच्या बाजारात डाळिंब तिच्यातून जाते, जिरायत पट्ट्यातला कडबा तिच्यातून येतो. मराठवाडा-विदर्भातून आज जी मंडळी इथे आली आहेत त्यांचा कापूसही जिनिंगच्या रांगेत तिच्याच हौद्यात बसून राहतो. खत, बियाणे, फवारणी यांचा खर्च आपण वहीत लिहितो. गाडीचा लिहितो तो फक्त डिझेलचा. पाटा तुटला, टायर एका बाजूने खाल्ले, शॉकअप दोनदा बदलला, कंबर धरली म्हणून आठवडा दवाखान्यात गेला, हा खर्च कुठल्याच पिकाच्या नावावर पडत नाही. तो घरातून जातो, म्हणून दिसत नाही.

आमचीच गोष्ट सांगतो, म्हणजे दुसऱ्या कोणाला नावे ठेवल्यासारखे होणार नाही.

आम्ही पाच घरांनी मिळून एक जुनी पिकअप घेतली. गाडी मागून फार आदळायची. डाळिंबाचे क्रेट बाजारात उतरवले की वरच्या थरातली फळे डागी निघायची, आणि रिकामी परत येताना चालवणाऱ्याच्या पाठीचे तीनतेरा. आम्ही तालुक्याच्या एका दुकानात गेलो. गाडी आदळते म्हटल्यावर दुकानदाराने विचारले, "लोड किती टाकता?" आम्ही खरे सांगितले. तो म्हणाला, "मग हेवी ड्यूटी घ्या, आणि मागे एक पाटा वाढवा." आम्ही दोन्ही केले. शिकलेली माणसे होतो, पण पुढचा प्रश्न विचारला नाही.

भरलेली गाडी बरी चालली. दोन-तीन खेपा आम्ही खूष होतो. मग एका संध्याकाळी गाडी रिकामी परत येत होती. मागे हौद्यात आमच्याच घरच्या दोघी बसल्या होत्या. मोरीच्या अलीकडे वळण आहे, तिथे डांबर उखडून नुसती खडी उरलेली. वेग काही फार नव्हता. मागची चाके खडीवर उड्या मारत एका अंगाला सरकली आणि गाडी चारीत गेली. एकीचे मनगट मोडले. ती मावशी अजून त्या हाताने भाकरी थापू शकत नाही.

दुसऱ्या दिवशी एका म्हाताऱ्या मिस्त्रीला आणले. तो गाडीखाली गेला, हाताने चाचपले आणि बाहेर येऊन एवढेच म्हणाला, "साहेब, शॉकअप काय ओझं उचलतो व्हय?"

आमच्या सगळ्या चुका त्या एका वाक्यात आल्या. म्हणून त्याचा अर्थ आधी नीट उलगडू.

ओझे उचलतो तो पाटा. खड्डा आला की पाटा दबतो, आणि दबलेला पाटा उसळतो. त्याला कोणी आवरले नाही तर तो खालीवर होतच राहतो. झोक्यावरचे पोर जमिनीला पाय घासून झोका थांबवते ना, ते पाय घासण्याचे काम शॉकअपचे. आत नळी, नळीत तेल, तेलात दट्ट्या आणि दट्ट्याला बारीक भोके. जनावराला द्यायची सिरिंज हातात घेतली आहे तुम्ही. हळू दाबली तर औषध सहज जाते, जोरात दाबली तर अडते. शॉकअप तसाच. जोराच्या हिसक्याला अडवतो, त्या अडवण्याची तेलात उष्णता होते आणि ती हवेत जाते. पण सावकाश पडणाऱ्या वजनापुढे तो काहीच धरत नाही. तुम्ही हौद्यात वीस पोती ठेवली तर गाडी जितकी बसायची तितकी बसणारच, शॉकअप कितीही महागाचा असो. गॅसचा शॉकअप गाडी उचलून धरतो हाही गैरसमज आहे. आतला नायट्रोजन दांडी थोडी बाहेर ढकलतो, पण तो असतो तेलाला फेस येऊ नये म्हणून. तेलात फेस आला की दट्ट्याला धरायला काही उरत नाही.

आता रिकामी गाडी का आदळते ते पाहा. मागचा पाटा बनवलेला असतो भरलेल्या गाडीसाठी. हौदा रिकामा झाला की तोच पाटा त्या हलक्या गाडीला दगडासारखा होतो. त्यात आम्ही एक पाटा वाढवला, म्हणजे दगडावर दगड. वर जो शॉकअप बसवला तोही भरगच्च ओझ्याच्या उसळीला पुरेल इतका कडक. खडीवर चाक वर गेले ते वेळेत खाली यायला तयार नाही. चाक जमिनीला टेकलेले नसेल तर ब्रेक कशाला धरणार आणि वळण कशाच्या आधाराने घेणार? मेलेल्या शॉकअपने हेच होते, आणि नको इतक्या कडक शॉकअपनेही हेच होते. चांगला शॉकअप बसायला मऊ लागतो म्हणून घ्यायचा नसतो, चाक जमिनीवर ठेवतो म्हणून घ्यायचा असतो. अंगाला बरे वाटणे हा त्यातला वरकड फायदा.

मिस्त्रीने पुढे काय दाखवले ते ऐका. पाट्यांच्या मधे गंज आणि चिखल बसून सगळे पाटे एकमेकांना चिकटले होते. पाच पाट्यांची एक पहार झाली होती म्हणा. शॅकलला ग्रीस नव्हते, बूश खाऊन गेले होते. टायरमध्ये हवा भरलेल्या गाडीची, आणि गाडी निम्मा वेळ रिकामी. म्हणजे आमचे आदळणे निम्म्याहून जास्त शॉकअपचे नव्हतेच. पाटे उघडून, घासून, ग्राफाईटचे ग्रीस लावून पुन्हा बांधायला अर्धा दिवस लागला. वाढवलेला पाटा काढून टाकला. बूश बदलले. हवा गाडीच्या पुस्तकात दिली आहे त्याप्रमाणे, भरलेली असताना वेगळी आणि रिकामी असताना वेगळी ठेवू लागलो. एवढ्यावरच गाडी ओळखू येईना.

म्हणून आमचे पहिले म्हणणे हे की शॉकअपच्या दुकानात जाण्याआधी गाडीखाली जा. वाफसा नसताना पेरणारा माणूस बियाण्याला दोष देतो, तसे करू नका.

शॉकअप मेला आहे की जिवंत, हे कसे ओळखायचे? बोनेट दाबून गाडी किती हलते ते पाहायची पद्धत मोटारगाडीला चालते. पाट्याच्या पिकअपला ती फसवते, कारण पाट्यांचे आपसातले घासणेच गाडी थांबवते. त्यापेक्षा कच्च्या रस्त्यावर सात-आठ किलोमीटर गाडी चालवा, थांबा, आणि चारही शॉकअपच्या नळीला जपून बोट लावून पाहा. सायलेन्सरपासून हात लांब ठेवा. जो काम करतो तो गरम लागेल. तीन गरम आणि एक गार असेल तर गार तो मेलेला. नळीवर तेलाचा ओशटपणा असेल तर घाबरू नका, तेल ओघळून धूळ चिकटली असेल तर मात्र तो गेला. टायर हाताने चाचपा. थोड्या थोड्या अंतरावर वाट्यांसारखे खळगे पडले असतील तर चाक रस्त्यावर नाचते आहे. आणि बदलायचा तर एका एक्सेलवरचे दोन्ही बदला. एक नवा आणि एक जुना ठेवणे म्हणजे एक बैल खिलार आणि एक थकलेला जुंपणे.

आता निवडीचे बोलू. इथे आम्ही थोडे सविस्तर बोलणार, कारण पैसे इथेच जातात.

सगळ्यात आधी लांबी. दुकानात कोणी विचारत नाही आणि आपणही मोजत नाही. शॉकअप जिथे वर अडकतो आणि जिथे खाली अडकतो त्या दोन डोळ्यांमधले अंतर टेपने मोजा. एकदा गाडी रिकामी असताना, एकदा नेहमीच्या ओझ्याने भरलेली असताना. मग चॅसीला जॅक आणि खाली भक्कम आधार लावून चाक लोंबते सोडा आणि पुन्हा मोजा. शिवाय भरलेल्या गाडीत एक्सेल आणि वरचा रबरी ठोकळा यांच्यात किती जागा उरते तेही पाहा. धरा, लोंबत्या चाकाला अंतर २० इंच आले, भरलेल्या गाडीला १५, आणि ठोकळ्यापर्यंत आणखी ३ इंच जागा आहे. म्हणजे एक्सेल ठोकळ्याला टेकेल तेव्हा डोळ्यांमधले अंतर १२ राहील. तुमचा शॉकअप पूर्ण दाबल्यावर १२ पेक्षा थोडा कमीच भरला पाहिजे आणि पूर्ण ओढल्यावर २० पेक्षा थोडा जास्त. दाबून तो १३ इंचाचा राहत असेल तर ठोकळ्याआधी शॉकअपच गाडीचा मार खाणार, दांडी वाकणार. ओढून १८ चाच असेल तर प्रत्येक खड्ड्याला तो एक्सेलला लटकलेल्या दोरीसारखा ताणला जाणार आणि एक दिवस डोळा फाटणार. आमचा असाच फाटला होता. पाटा वाढवल्याने गाडी मागून उचलली गेली, आणि शॉकअप जुन्या उंचीच्या मापाचा. कडकपणा विचारला होता, लांबी विचारली नव्हती.

दुसरे, एका नळीचा की दोन नळ्यांचा. एका नळीचा गॅसचा शॉकअप लवकर गार होतो, लांबच्या वाईट रस्त्यावर थकत नाही, हे खरे. पण त्याच्या नळीतच दट्ट्या चालतो. बाहेरून एक दगड लागून नळीला पोचा पडला की दट्ट्या अडकला. दोन नळ्यांच्या शॉकअपला बाहेरच्या नळीवर पोचा पडला तरी आतली नळी सहसा शाबूत राहते. आपले रस्ते पाहा. पाटस, बारामती, इंदापूर, अकलूज हा संत तुकाराम महाराज पालखी मार्ग, २०२१ साली त्याच्या चौपदरीकरणाचे भूमिपूजन झाले. शॉकअप त्या मार्गावर मरत नाही. तो मरतो वावरापासून त्या मार्गापर्यंतच्या दोन-चार किलोमीटरमध्ये, जिथे दगड टायरने उडून खालून लागतात. म्हणून आमचे मत असे की आपल्याला दोन नळ्यांचा, कमी दाबाच्या गॅसचा, जाड नळीचा शॉकअप बरा. जाड नळीत तेल जास्त, म्हणून तापायला वेळ लागतो. जाड म्हणजे कडक असे मात्र नाही, दुकानदार तसे सांगेल. तो उभा धरून हाताने दाबून आणि ओढून पाहा. ओढताना तो दाबण्यापेक्षा जड लागला पाहिजे, कारण दबलेल्या पाट्याची उसळी आवरणे हे त्याचे मोठे काम.

तिसरे, आपण नेतो काय? इथे आम्ही स्पष्ट बोलतो. कापसाला धक्का लागत नाही. कडब्याला लागत नाही. ज्वारीच्या पोत्याला तर नाहीच. जो कापूस आणि ज्वारी नेतो त्याने मालासाठी महागडा शॉकअप घेण्याचे काही कारण नाही. पण कापूस तट्ट्या लावून उंच भरला जातो, कडबा तर घराएवढा. ते ओझे हलके असले तरी उंचावर असते, आणि वळणावर, ओढ्याच्या उतारावर ते झुलते. गाडी कलते किती ते पाट्यावर आणि भरण्यावर ठरते, ते शॉकअप बदलून सुधारणार नाही. पण ती एकदम कलते की सावकाश, आणि कलल्यावर पुन्हा दुसरीकडे फेकली जाते की नाही, हे शॉकअपवर आहे. तेव्हा कडबा आणि कापूस नेणाऱ्याने कंपनीच्या मूळ मापाचे, पण चारही जिवंत शॉकअप ठेवावेत, आणि पेंढ्यांचा एक थर कमी भरावा. डाळिंब, टोमॅटो, द्राक्ष नेणाऱ्याचा हिशेब वेगळा. हिसक्याने क्रेटमधला वरचा थर सगळ्यात जास्त उडतो, म्हणून वरचे फळ आधी डागी होते. डाळिंबाचा दाणा आतून ठेचला जातो आणि सालीवरून कळतही नाही, नाव जाते ते तुमच्या बागेचे. त्याला चार पैसे जास्त घालून चांगला गॅसचा शॉकअप परवडतो. दोघांनीही स्वतःला एक प्रश्न विचारावा, गाडी महिन्यात किती किलोमीटर भरलेली पळते आणि किती रिकामी? बहुतेकांची जाताना भरलेली आणि येताना रिकामी, म्हणजे निम्मी निम्मी. नुसत्या भरलेल्या गाडीचा विचार करून कडक शॉकअप घेतला की उरलेल्या निम्म्या वाटेचा मार आपण विकत घेतला.

चौथे म्हणजे नकली माल. आमचा तो हेवी ड्यूटी शॉकअप नंतर कापून पाहिला, तर आत तेल निम्मे. डबा चकचकीत होता. कापूस पिकवणाऱ्याला हे काय सांगायचे! बोगस बियाण्याची पिशवीही चकचकीतच असते. आपण बियाणे घेताना आता लॉट नंबर पाहतो, पक्की पावती मागतो, रिकामी पिशवी जपून ठेवतो. शॉकअपला यातले काहीच करत नाही. डब्यावरचा पार्ट नंबर आणि नळीवरचा नंबर जुळवा, पावतीवर तोच नंबर लिहून घ्या, डबा ठेवा. गंमत अशी की ही वस्तू काही सातासमुद्रापलीकडची नाही. १९६१ साली मुंबईत गॅब्रिएल कंपनी निघाली, तिचा कारखाना आज आपल्याच जिल्ह्यात चाकणजवळ आहे. गाड्या तपासणारी एआरएआय संस्था १९६६ पासून पुण्यात आहे. एवढे ज्ञान जिल्ह्यात असून बावड्याच्या शेतकऱ्यापर्यंत पोचते ते फक्त "हेवी ड्यूटी घ्या" एवढेच.

बसवण्याबद्दल दोन वाक्ये. दोन नळ्यांचा नवा शॉकअप डब्यात आडवा पडलेला असतो, हवा आतल्या नळीत शिरलेली असते. तो उभा धरून पाच-सहा वेळा पूर्ण दाबा, पूर्ण ओढा, मग बसवा, आणि उलटा बसवू नका. बूशचे बोल्ट गाडी स्वतःच्या वजनावर उभी असताना शेवटचे आवळा. चाक लोंबते असताना आवळले तर रबर पिळलेले राहते आणि लवकर फाटते.

आता जे बोलायला अवघड आहे ते. इथे बसलेल्या बहुतेकांच्या गाडीत कापूस वेचायला, डाळिंब तोडायला बायाबापड्या मागे हौद्यात बसून येतात. आमच्याही यायच्या. मागच्या एक्सेलवर बसलेल्या माणसाला सगळ्यात जास्त मार बसतो. बसलेल्या माणसाच्या कण्याला सेकंदाला चार ते आठ या गतीचे हिसके सर्वात वाईट, हे जगभरच्या मोजमापातून ठरलेले आहे, आणि खडीवरची रिकामी पिकअप तेच देते. चांगले शॉकअप लावले म्हणजे हौदा माणसांचा झाला असे कोणी समजू नये. मालाचा मालक किंवा त्याचा माणूस मालाबरोबर असेल तर १९९४ च्या दुरुस्तीने तो विम्यात येतो. पण मालगाडीत नुसत्या बसलेल्या उतारूची जबाबदारी विमा कंपनीवर नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली सांगून टाकले आहे. आमच्या मावशीच्या मनगटाचा खर्च पाच घरांनी वाटून घेतला. तो वाटून घेता आला, कारण तिचे नुसते मनगट मोडले होते. तसेच ओझ्याचे. पाटा वाढवा, शॉकअप वाढवा, आर.सी. बुकावरचे पासिंग एका किलोनेही वाढत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा ओझ्याला कायद्यात वीस हजार रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार लिहिलेले आहेत. बाजारात डाळिंबाची पट्टी हातात येण्याआधी ती रस्त्यावरच द्यायची वेळ येते.

ज्या ज्येष्ठांनी प्रश्न विचारला होता ते समोरच बसले आहेत. दादा, त्या संध्याकाळनंतर आम्ही गाडीची वही वेगळी केली. त्यात पाटे, बूश, टायर, शॉकअप, दवाखाना असे सगळे लिहितो, आणि वर्षाखेरीला ते डाळिंब, ज्वारी आणि कडबा यांच्या खेपांवर वाटतो. पहिल्या वर्षी कडब्याच्या वाट्याला जेवढा खर्च आला तो पाहून आमच्या पाच घरांत भांडण झाले, ते अजून मिटलेले नाही. कडबा भाड्याच्या ट्रॅक्टरने न्यावा असे तिघांचे म्हणणे आहे.

आमची गाडी बाहेर लिंबाखाली उभी आहे. चहा झाला की तिकडे या. बाकड्यावर दोन शॉकअप ठेवले आहेत, एक कापलेला आणि एक नवा, दोन्ही हाताळून पाहा. मिस्त्रीही आले आहेत, ते मोजायला शिकवतील. ज्यांनी गाडी आणली आहे त्यांनी ती त्या सपाट जागेवर लावा, आणि कोणाकडे टेप असेल तर घेऊन या, आमच्याकडे एकच आहे.